जोडलेले रॉड गाडीच्या टपावरून न्यावेत काय? आणि शेंडा पुढे ठेवावा की मागे?

काठावरचा :

नमस्कार. माझ्याकडे मासेमारीचे तीन रॉड आहेत : सात फुटांचा अखंड, नऊ फुटांचा दोन तुकड्यांचा आणि किनाऱ्यावरून लांब फेकीसाठीचा बारा फुटांचा, तोही दोन तुकड्यांचाच. आतापर्यंत मागचे आसन पाडून ते गाडीच्या आतच ठेवत असे. आता मागे दोन मुले बसतात, त्यामुळे तो मार्ग बंद झाला आहे, आणि गळ लावलेला रॉड मुलांच्या डोक्यावरून पुढच्या काचेपर्यंत नेणे मला मुळीच मान्य नाही.

गाडीच्या टपावर दोन आडव्या दांड्यांचे कॅरियर आहे. मागच्या खेपेस मी तिन्ही रॉड जोडलेल्या अवस्थेत, रील (दोरी गुंडाळणारी फिरकी) आणि तंगूस (गळाची बारीक दोरी) यांसह, त्या दांड्यांवर ठेवले आणि दोन्ही टोकांना आकडे असलेल्या लवचीक दोऱ्यांनी बांधले. शेंडे पुढच्या बाजूला होते, कारण तसे ठेवल्यास ते मला चालकाच्या जागेवरून दिसत राहतील, असा माझा विचार होता. चाळीस किलोमीटरचे अंतर, वेग ताशी ऐंशीच्या आसपास. पोहोचलो तेव्हा एका रीलवरचे पंधरा-वीस मीटर तंगूस सुटून गाडीमागे फरफटत आले होते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की नऊ फुटी रॉडच्या शेंड्यावरील गाइडची (तंगूस ज्यातून ओवतात त्या वेढ्याची) सिरॅमिकची कडी तडकली होती आणि हे मला तिसऱ्या फेकीला तंगूस कापले जाऊन आमिष, शिसे, सगळेच पाण्यात गेल्यावर कळले.

माझे प्रश्न असे आहेत. जोडलेले रॉड बाहेरून नेणे मुळात योग्य आहे काय? असल्यास शेंडा कोणत्या दिशेला असावा? आणि महामार्गाच्या वेगाला हे सारे टिकते, की ते केवळ एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्यापुरतेच खरे?

भरतीओहोटी :

आपल्या शेवटच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, परंतु आधी शेंड्याच्या दिशेविषयी लिहितो, कारण मूळ चूक तेथेच झाली आहे.

रॉड बुडख्याकडे जाड व ताठ आणि शेंड्याकडे बारीक व लवचीक असतो. बुडखा वाऱ्याच्या तोंडाला आणि शेंडा मागे असेल, तर वारा शेंड्याला मागे ओढून सरळ ठेवण्याचा प्रयत्न करतो. देवळावरची पताका जशी वाऱ्यासोबत मागे लहरते आणि काठीशी बांधलेली राहते, तसेच हे. शेंडा पुढे असेल तर उलट घडते : तो जरासा जरी बाजूला झुकला, तरी वारा त्याला आणखी त्याच बाजूला ढकलतो, रॉडचा ताठपणा त्याला परत आणतो, मग तो दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा चालते. आपला शेंडा बॉनेटच्या वर थरथरत होता, आणि खड्डा आला की टपाच्या कडेवर किंवा काचेच्या वरच्या पट्टीवर आपटत होता. कडी तेथेच फुटली असावी.

म्हणून उघडा रॉड न्यायचाच असेल तर बुडखा पुढे आणि शेंडा मागे, हा माझा नियम आहे. तो चालकाला दिसत नाही हे खरे, पण जो शेंडा दिसावा लागतो तो मुळात नीट बांधलेला नसतो.

आता वाऱ्याच्या जोराविषयी. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठऐवजी नव्वदने गाडी चालवली तर वेग दीडपट होतो, पण जोर सव्वादोन पट. एकशे वीसला तो चौपट. टपाची वजन पेलण्याची मर्यादा येथे गौण आहे, कारण रील धरूनही एक रॉड एखाद्या किलोच्या आतबाहेर भरतो आणि त्याने टपाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते वारा, कंप आणि घर्षण यांमुळे.

लवचीक दोऱ्यांविषयीही सांगतो. त्या सामान दाबून धरतात असे वाटते, पण प्रत्यक्षात त्या सामानाला हलू देतात, आणि प्रत्येक हालचालीला रॉड दांडीवर थोडा घासला जातो. गाइडचे पाय ज्या दोऱ्याने गुंडाळून वर एपॉक्सीचा लेप दिलेला असतो, तो दोरा नेमका दांडीवर आला तर एका प्रवासातच लेप खरवडला जातो. न ताणणारा, बकल असलेला पट्टा वापरावा आणि रॉड व दांडी यांच्यामध्ये जाड फोम ठेवावा. मात्र पट्टा आवळताना हात आवरता घ्यावा, कारण कार्बनचा रॉड म्हणजे आतून पोकळ, पातळ भिंतीची नळी आहे. त्यातील तंतू लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसतात; बाजूने चिमटले तर भिंत आतल्या आत चेपते आणि वरून काहीही दिसत नाही. असा रॉड त्या दिवशी मोडत नाही. तो मोडतो दोन महिन्यांनी, मासा लागल्यावर, आणि आपण दोष माशाला देतो.

तंगूस सुटले त्याचे कारण बहुधा रीलचा ड्रॅग (फिरकी रोखून धरणारा ब्रेक) सैल राहिला हे असावे. निघण्यापूर्वी ड्रॅग पूर्ण आवळावा, गळ आणि शिसे काढून घ्यावे, आणि तंगुसाचे मोकळे टोक स्पूलच्या, म्हणजे रीलच्या तंगूस गुंडाळलेल्या भागाच्या, खाचेत अडकवावे. गळ लावलेलाच ठेवण्याचा मोह होतो, पण सुटलेला गळ वाऱ्यावर टपाला ओरखडे काढतो, आणि मागून दुचाकीवर कोणी येत असेल तर ओरखड्यावर भागत नाही.

गळटाक्या :

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण जोडलेले रॉड बाहेरून नेऊच नयेत असा सूर त्यातून निघत असेल, तर तो मला मान्य नाही. ओढ्याच्या काठाने दोन-तीन किलोमीटरवर जागा बदलायची असेल, तर दर वेळी रॉड सोडवणे, गाइडमधून तंगूस काढणे आणि पुन्हा ओवणे यात अर्धी सकाळ जाते. त्यासाठी बॉनेट आणि टप यांवर बसवायचे जोडीचे धारक मिळतात. एक चुंबकाने चिकटतो, दुसरा रबरी वाटीतील हवा काढून.

मी दोन्ही वापरले आहेत. चुंबकी धारक बसवणे क्षणाचे काम आहे, पण तो फक्त पोलादी पत्र्याला धरतो, आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असते. विकत घेण्यापूर्वी घरातल्या फ्रिजवरचे एखादे साधे चुंबक घेऊन बॉनेट आणि टप या दोन्हींवर लावून पाहावे. एका गाडीचे टप पोलादी आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे, असेही असते. काचेच्या टपावर चुंबकाचा प्रश्नच येत नाही. दुसरी काळजी धुळीची आहे. चुंबकाखाली वाळूचा एक कण राहिला तरी कंपाने तो रंगात गोल घासत राहतो. माझ्या बॉनेटवर रुपयाएवढे दोन फिकट गोल आहेत, ते त्याच आळसाची खूण आहेत. ओले फडके, मग कोरडे फडके, मग चुंबक, हा क्रम मी आता मोडत नाही.

रबरी वाटीचे गणित वेगळे आहे. ती पत्र्याला चिकटत नाही. बाहेरच्या हवेचा दाब तिला पत्र्यावर दाबून धरतो. म्हणून वाटीखाली जी थोडी हवा उरते, ती उन्हात तापून प्रसरण पावली की पकड सैल होते. पहाटे थंडीत बसवलेला धारक दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर हाताने सहज हलला, हे मी स्वतः अनुभवले आहे. डोंगरात उंचावर गेल्यासही पकड कमी होते. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर हवेचा दाब सुमारे सत्तर टक्केच उरतो. ज्या वाट्यांना छोटा पंप असतो, त्यांवर लाल पट्टी दिसू लागली की पुन्हा पंप मारायचा असतो. माझी सवय अशी की गाडी थांबली की आधी वाट्या दाबून पाहायच्या, मग बाकीचे काम.

या धारकांवर मी बुडखा आणि रील बॉनेटवर आणि शेंडा टपावरून मागे, अशीच मांडणी ठेवतो. वेग ताशी पन्नासच्या वर नेत नाही. महामार्गावर जायचे असेल तर रॉड सोडवून आत ठेवतो. असे धारक महामार्गावरही चालतात असे सांगणारे भेटतात, पण मला स्वतःला रॉडपेक्षा मागच्या गाडीच्या काचेची अधिक चिंता वाटते.

एक बारीकशी गोष्ट : धारक लावलेला असताना पाणी घालण्यासाठी बॉनेट उघडू नका. मी उघडले होते. दोन रॉडांचे कमान झालेले रूप पाहून जो आवाज माझ्या तोंडून निघाला, तो येथे लिहिण्याजोगा नाही.

नळीवाला :

काठावरचा यांच्या गरजेला दोन्ही उपाय अपुरे आहेत असे मला वाटते. त्यांना चाळीस किलोमीटर जायचे आहे आणि टपावर आडव्या दांड्या आधीच आहेत. त्यांच्यासाठी बंद नळी हाच मार्ग. आतून अस्तर लावलेल्या, कुलूप बसणाऱ्या तयार नळ्या मिळतात. त्यांत जोडलेला रॉड शेंडा पुढे करून सरकवतात आणि रील मागच्या पेटीत राहते. येथे शेंडा पुढे असला तरी बिघडत नाही, कारण नळीच्या आत वाराच नसतो. भरतीओहोटी यांचा नियम उघड्या रॉडपुरता आहे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे, नाहीतर दोन प्रतिसाद वाचून गोंधळ व्हायचा.

परंतु अशा तयार नळ्या प्रामुख्याने माशीचे आमिष वापरणाऱ्यांच्या नऊ-दहा फुटी, लहान गाइडच्या रॉडांसाठी बनलेल्या असतात. लांब फेकीच्या रॉडचे पहिले गाइड चाळीस मिलिमीटर व्यासाचेही असू शकते, ते त्यांच्या आतल्या नळीत जात नाही. त्यामुळे मी साधा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेऊन स्वतःच नळी केली. रॉड सोडवून, रील काढून ठेवतो.

लांबी ठरवताना बहुतेक जण फसतात, मीही फसलो. काठावरचा यांचेच उदाहरण घेऊ. बारा फुटी रॉड म्हणजे ३.६६ मीटर, त्याचा अर्धा तुकडा साधारण १.८३ मीटर, सांध्याची जादा लांबी धरून थोडा अधिक. नऊ फुटीचा तुकडा १.३७ मीटर. म्हणजे दोन मीटरचा पाइप पुरेल असे वाटते. पण त्यांचा सर्वांत छोटा रॉड अखंड आहे आणि सात फूट म्हणजे २.१३ मीटर. पाइपची लांबी सर्वांत मोठा रॉड ठरवत नाही, सर्वांत लांब तुकडा ठरवतो. त्यांना सव्वादोन मीटर तरी घ्यावे लागतील, आणि त्यानंतर नळी टपावर ठेवून डिकीचे झाकण पूर्ण उघडून पाहावे लागेल. माझ्या पहिल्या नळीला झाकणाने असा टोला दिला की मागचे बूच थेट रस्त्याच्या कडेला जाऊन पडले. टपावर शार्कच्या परासारखा अँटेना असेल, तर त्याचीही आडकाठी तपासावी.

पुढचे टोक गोल बूच सॉल्व्हंटने चिकटवून कायमचे बंद केले आहे. मागे आटे असलेले झाकण आहे आणि ते दोरीने नळीला बांधले आहे, कारण कंपाने आटे सैल होतात आणि झाकण आपण होऊन परत येत नाही. नळीच्या तळाला, मागच्या टोकाजवळ, पाच मिलिमीटरची तीन छिद्रे आहेत. पाणी कितीही अडवले तरी आत जाते, म्हणून त्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली बरी. दोन्ही टोकांना आतून फोमच्या जाड चकत्या बसवल्या आहेत. रॉड कापडी पिशव्यांत घालतो, आणि एकाचा बुडखा पुढे तर दुसऱ्याचा मागे असे उलटसुलट ठेवतो, म्हणजे मोठी गाइड एकमेकांवर येत नाहीत.

पीव्हीसीचे दोन दोष सांगणे आवश्यक आहे. उन्हाने तो तापून मऊ होतो आणि आधार दूर असतील तर मध्ये झोल येतो. शिवाय वर्षानुवर्षे उन्हात राहिला तर ठिसूळ होतो. मी त्याला फिकट रंग दिला आहे आणि काम नसताना तो खाली उतरवून ठेवतो. दुसरे म्हणजे तो तापमानाने लांबतो. सव्वादोन मीटरचा पाइप थंड पहाटेपासून तापलेल्या दुपारपर्यंत, म्हणजे चाळीस अंशांच्या फरकात, पाच-सहा मिलिमीटर वाढतो. म्हणून एका दांडीवर तो पक्का आवळावा आणि दुसऱ्या दांडीवर सरकायला जागा राहील इतपतच धरावा.

आणि पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात फडफडून भुंग्यासारखा गुणगुणतो. एक पीळ दिला की तो आवाज जातो, आणि मुलेही गाडीत झोपतात.

दुचाकीस्वार :

दुचाकीवरून रॉड नेणाऱ्यांसाठी थोडेसे. पाठीमागे उभा रॉड लावून जाणारे अनेक दिसतात, आणि तसेच काही जण गाडीच्या मागच्या बंपरवर उभे धारक लावतात. दिसायला ते डौलदार असते. पण कार्बन हा विजेचा वाहक आहे. लोंबणाऱ्या विजेच्या तारेखालून उभा रॉड नेणे म्हणजे रॉड मोडण्यापेक्षा फार मोठे संकट ओढवून घेणे होय. झाडाच्या फांद्या आणि ठेंगण्या कमानी या त्यानंतरच्या चिंता. मी तुकडे सोडवून, आखूड नळीत घालून, ती आसनाच्या बाजूने चाकाला व धुराड्याला लागणार नाही अशी आडवी बांधतो.

गाडीबाहेर येणाऱ्या लांबीविषयीही लिहितो, कारण कोणी ते काढले नाही. नियम देशागणिक वेगळे आहेत आणि आपापल्या ठिकाणचे पाहून घ्यावेत. परंतु रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात असे आहे की सामान पुढे किंवा मागे एक मीटरपेक्षा अधिक बाहेर येत असेल, तर रात्री त्यावर खूण हवीच : पुढे पांढरा दिवा व पांढरा परावर्तक, मागे लाल दिवा व लाल परावर्तक. एक मीटरच्या आत असले तरी इतरांच्या लक्षात येणार नाही असे सामान ठळक दिसेल असे करावे लागते. रॉडचा शेंडा ही इतरांना न दिसणारी वस्तू आहे, ती पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. दिवसादेखील मी तेथे लाल फडके बांधतो.

भरतीओहोटी :

नळीवाला यांनी माझ्या नियमाची मर्यादा दाखवली ती योग्यच आहे. त्यात एक भर घालतो. बंद नळीचा सर्वांत मोठा शत्रू आत राहिलेला ओलावा आहे. संध्याकाळी ओला रॉड पिशवीत, पिशवी नळीत, आणि नळी दुसऱ्या दिवशी उन्हात : असे दोनदा झाले की लेपावर बारीक फोड येतात आणि बुचाच्या लाकडाची मूठ काळवंडते. घरी आल्यावर रात्र कितीही झाली तरी रॉड नळीतून काढून, पुसून, पिशवीबाहेर वाळू द्यावेत. बांबूचे जुने रॉड असतील तर ते मुळात बाहेरून नेऊच नयेत.

रील मात्र कोणत्याही परिस्थितीत गाडीच्या आत असावी. पावसात ताशी ऐंशीच्या वेगाने येणारे पाणी बेअरिंगपर्यंत शिरते आणि रस्त्यावरची बारीक वाळू त्याच्यासोबत जाते. काही मिनिटांसाठी उघडी नेलीच, तर तिला कापडी किंवा निओप्रीनची टोपी घालावी.

गळटाक्या यांच्या वेगमर्यादेला माझा पाठिंबा आहे. फक्त एक सुचवतो : शेंडा टपाच्या मागे दोन-अडीच फूट मोकळा लोंबत असेल, तर धारक टपावर शक्य तितका मागे सरकवावा. मोकळा भाग जितका लांब, तितका झोका मोठा. शिवाय थांबलेल्या प्रत्येक ठिकाणी सांधा हाताने फिरवून पाहावा. कंपाने तो हळूहळू सुटतो आणि वरचा तुकडा मग तंगुसाच्या आधाराने राहतो.

गळटाक्या :

धारक मागे सरकवण्याची सूचना आज करून पाहिली. नऊ फुटी रॉडचा झोका निम्म्याने तरी कमी झाला. सांधा माझाही एकदा सुटला होता, तेव्हा वरचा तुकडा तंगुसाला लटकून टपावर टकटक करत होता आणि मी बराच वेळ इंजिनात काही बिघडले म्हणून कान लावून बसलो होतो.

काठावरचा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल टेप घेऊन टपावर चढलो. दोन दांड्यांमधले अंतर ऐंशी सेंटिमीटर आहे, त्यामुळे सव्वादोन मीटरची नळी पुढे थोडी आणि मागे जास्त बाहेर येईल. मागचे झाकण उघडले असता ते नळीच्या टोकाखाली चार बोटांवर थांबते. म्हणजे जेमतेम जमते आहे. सात फुटी अखंड रॉड विकून दोन तुकड्यांचा घ्यावा, असाही विचार मनात येऊन गेला, पण त्याच्याशी जुना लोभ आहे, म्हणून पाइपच लांब घेतो. शेंडा पुढे ठेवण्याची हौस फिटली आहे. दोन-तीन किलोमीटरच्या अंतरासाठी धारकही हवासा वाटतो, पण फ्रिजवरचे चुंबक बॉनेटवरून घसरून खाली पडले, त्यामुळे तूर्त तो विषय थांबला.

एक शंका उरली आहे. शेंड्याची तडकलेली कडी बदलून घेतली, पण उरलेली गाइड शाबूत आहेत की नाहीत हे डोळ्यांना कळत नाही. काही उपाय आहे काय?

नळीवाला :

कापसाचा छोटा बोळा घ्या आणि प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूने हलकेच पूर्ण गोल फिरवा. केसाएवढी चीर असली तरी कापसाचे तंतू तेथे अडकून राहतात. बुडख्याकडून सुरुवात करा आणि शेंड्याजवळच्या छोट्या कड्यांसाठी बोळा काडीला गुंडाळून घ्या.

काठावरचा :

करून पाहिले. शेंड्यापासून तिसऱ्या कडीत पांढरे तंतू अडकले. त्या दिवशी दांडीवर टेकलेली कडी हीच होती. नळी तयार होईपर्यंत तो रॉड दुरुस्तीला देत आहे.